ओळखीचं वळण

कंपनीसाठी फॉन्ट निवडायला बसलेली माणसं मुलगी बघायला आल्यासारखी वागतात. हा जाड आहे. त्याची मान आखूड आहे. तो तिसरा बरा आहे, पण जरा जास्तच शिकलेला वाटतो. मग कुणाची तरी बायको फोनवरून मत देते आणि सगळी मंडळी माना डोलावतात. इतकी वर्षं मी हे ऐकत आले आहे, तरी अजून माझं डोकं फिरतं. बाबांनो, अक्षर नटवायला नसतं, वाचायला असतं! पण गिऱ्हाइकापुढे हे बोलायची सोय नाही, म्हणून मी मुकाट्यानं चहा ओतते.

त्या दिवशी आमच्या राजारामपुरीतल्या स्टुडिओत 'सांजसोबत'ची मंडळी आली होती. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी नर्स पाठवणारी ही कंपनी, कोल्हापुरातनं सुरू होऊन सांगली, बेळगावकडे पसरत चाललेली. वेबसाइट, ॲप, गाड्यांवरचं नाव, नर्सच्या एप्रनवरची पट्टी असं सगळं त्यांना नव्यानं करायचं होतं आणि सगळीकडे एकच अक्षर हवं होतं. मालकीणबाई वर्षा लोखंडे स्वतः आल्या होत्या.

आमची पद्धत अशी, की पहिल्यांदा नमुने स्क्रीनवर दाखवायचेच नाहीत. गॅलरीत दोरी बांधून कपडे वाळत घालतात तसे कागद चिमट्यांनी टांगायचे आणि गिऱ्हाइकाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करायचं. लांबून, वाऱ्यावर हलत असतानाही जे वाचता येतं, ते अक्षर कामाचं. लोखंडेबाई हाताची घडी घालून बराच वेळ बघत राहिल्या.

"हा 'ल' हिंदी वाटतो," त्या म्हणाल्या.

"वाटतो नाही, आहेच. म्हणून तर शेवटी टांगलाय."

"आणि हा बिस्किटाच्या पुड्यावरचा." मग त्या माझ्याकडे वळल्या. "खरं सांगू का केतकीताई? मला सुंदर नकोच आहे. आमची माणसं म्हातारी. फोनवर काही आलं की दचकतात, कुणी फसवतंय की काय म्हणून. त्यांना वाचल्यावर आपलं वाटलं पाहिजे. घरचंच कुणीतरी सांगतंय, असं."

हे ऐकून कोपऱ्यातला धैर्यशील पुढे आला.

धैर्यशील इंगवले माझा भागीदार. अक्षरं मी काढते, ती यंत्रात चालती-फिरती तो करतो. माणसांसमोर बोलायचं म्हटलं की याची जीभ टाळ्याला चिकटते. बँकेत सुद्धा मला पुढे करतो. आणि महिन्याभरात आमचं लग्न होतं. चाळिशी उलटलेल्या दोघांचं लग्न असावं तसं, कोर्टात, मोजक्या माणसांत. नोटीस लागली होती, मी साडीही घेऊन ठेवली होती.

"म... मॅडम, आमच्याकडं एक वेगळा फॉन्ट आहे," तो म्हणाला. "अजून कुणाला दिलेला नाही. ओघ नाव आहे."

ओघची अक्षरं मीच काढली होती, त्यामुळे पुढचं मीच समजावलं. तुम्हालाही सांगते, कारण त्याशिवाय माझी गोष्ट कळायची नाही.

डोळ्यांनी पान सरकवायची सोय आल्यापासून प्रत्येक स्क्रीनच्या माथ्यावर डोळा बघणारा कॅमेरा असतो. वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ घसरत जात नाही. ती उड्या मारते, मध्येच थबकते, अडखळली की मागे येते. कॅमेऱ्याला हे सगळं दिसतं. ओघच्या प्रत्येक अक्षराला बरेच सांधे आहेत. गाठ केवढी, पोट किती फुगीर, काना किती खाली उतरतो, वरची रेघ कुठे संपते, हे सगळं हलवता येतं. तुम्ही वाचत असताना ओघ यातला एखादा सांधा केसभर हलवून बघतो. नजर अडखळली तर तो मुकाट्यानं मागे घेतो, सहज पुढे गेली तर तसाच राहू देतो. दिवसभर हाच उद्योग. दोन-तीन महिन्यांत प्रत्येकाच्या फोनवरचं अक्षर थोडं वेगळं झालेलं असतं, ज्याच्या त्याच्या डोळ्याला सोपं.

मोतीबिंदूवाल्यांना याचा किती फायदा होईल, या कल्पनेनंच मी खूश होते. चष्मा जसा ज्याचा त्याला, तसं अक्षर. यात वाईट काय असणार? लोखंडेबाईंचा चेहराही उजळला. "हेच हवंय," त्या म्हणाल्या, आणि टांगलेल्या कागदांकडे परत बघितलंसुद्धा नाही.

धैर्यशीलनं मला लग्नाचं आधीही एकदा विचारलं होतं, हे सांगायला हवं. पन्हाळ्यावर, झुणका-भाकरीच्या गाडीपाशी, तोंडानं. बिचारा घामानं निथळत होता. मी हसून म्हटलं होतं, "अरे, कामातली जोडी बरी चाललीय की आपली. कशाला मोडता घालतोस?" त्यानं मान हलवली आणि भाकरी संपवली. विषय संपला. माझ्या मनात त्याच्याबद्दल तसं काही नव्हतंच. चांगला माणूस, बास.

पुढे त्यानं स्टुडिओच्या कामासाठी एक मेसेंजर बनवला. फायली मोठ्या, बाहेरची ॲप्स त्या घेत नाहीत, म्हणून आमचं घरचं ॲप. एका खोलीत समोरासमोर बसून आम्ही त्यावर बोलायचो, कारण धैर्यशीलला लिहून बोलायला सोपं जातं. आधी कामाचं. मग जेवलीस का. मग आज गप्प का आहेस. मग माझ्या थायरॉइडच्या गोळीची आठवण. यात काही विशेष नव्हतं, पण हळूहळू मला त्याची सवय लागली. सवय हा शब्द खरं तर फार कोरडा आहे. त्याचा मेसेज वाचला की माझे खांदे सैल पडायचे. दिवसभर कुणाकुणाशी भांडून आलेली मी, तो "घे जरा पाणी पिऊन" असं लिहायचा आणि मी खरंच उठून पाणी प्यायचे. मी! जिला सख्ख्या बापानं कधी ऊठ म्हटलं तर ती बसून राहायची.

संक्रांतीला त्यानं लिहिलं, "तिळगूळ झाला. आता पन्हाळ्यावर विचारलं होतं तेच परत विचारू का?"

वाचलं आणि घरच्या माणसानं पाठीवर हात ठेवावा तसं वाटलं. क्षणभरही विचार केला नाही, लगेच 'हो' लिहिलं. समोर मान वर करून बघितलं तर तो टेबलावर डोकं ठेवून रडत होता. मीही रडले. आयुष्यात उशिरा का होईना, बरोबर माणूस ओळखला असं वाटलं मला.

'सांजसोबत'ला फॉन्ट द्यायच्या आधीचा आठवडा. शेवटची तपासणी माझी असते. अक्षरं तपासताना आम्ही स्क्रीन उलटी करतो, डोकं खाली पाय वर. कारण सुलट अक्षर तुम्ही बघतच नाही, तुम्ही ते वाचता. वाचायला लागलं की अर्थ पुढे येतो आणि आकार मागे जातो. मी जन्मभर अक्षरं काढलेली बाई, पण भाजीच्या पिशवीवरचं वाचताना मलाही अक्षर दिसत नाही, भाजीवाल्याचं नाव दिसतं. उलटं केलं की अर्थ गळून पडतो आणि कुठली गाठ जड झालीय, कुठे दोन अक्षरांमध्ये भोक पडलंय, ते उघडं दिसतं.

तर मी स्क्रीन उलटी करून 'क्ष' आणि 'ज्ञ' बघत होते. सकाळचं लख्ख ऊन होतं. धैर्यशील खाली दूध आणायला गेला होता आणि त्यानं तिथूनच मेसेज टाकला. तो स्क्रीनच्या कोपऱ्यात उगवला. अर्थातच उलटा.

काय लिहिलंय ते मला वाचता आलं नाही. आकार मात्र दिसला.

त्या 'श'ची गाठ बारीक होती आणि डावीकडे कललेली. 'ळ'ची दोन पोटं सारखी नव्हती, दुसरं लहान. आणि वरची रेघ शब्द संपल्यावरही किंचित पुढे जाऊन वर उचललेली, शिवताना दोरा तोडायच्या आधी हात उचलतात तशी. हे मी काढलेलं अक्षर नव्हतं. छापील होतं, नीटनेटकं होतं, पण आतली हाडं माझी नव्हती. ती विजूआत्याची होती.

विजूआत्या म्हणजे माझ्या बाबांची बहीण. मी तीन वर्षांची असताना आई गेली, बाबा बोटीवर नोकरीला, म्हणून सावंतवाडीत आत्यानंच मला वाढवलं. तिचा शिवणाचा क्लास होता. कापड कापायच्या टेबलावर टेलरच्या खडूनं तिनं मला 'अ' काढायला शिकवला. माझ्या मुठीवर स्वतःची मूठ ठेवून म्हणायची, "हात हलको धर गो, लाकडा फोडूक नाय बसलंस." माझ्या आयुष्यात एकच माणूस असं होतं, की त्यानं सांगितलेलं मी उलटून विचारलं नाही. पाच वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या हातचं आता एवढंच शिल्लक आहे: खाकी कागदाचा एक कापलेला तुकडा, त्यावर 'केतकीची बाही, उजवी' असं लिहिलेलं. मी तो फ्रेम करून स्टुडिओत प्रिंटरच्या वर लावला आहे.

मी फ्रेम उतरवली आणि स्क्रीनशेजारी धरली. मग मेसेंजर उघडून मागे मागे जात राहिले, तसंच उलटं ठेवून. प्रत्येक मेसेज आला त्या दिवशीच्याच वळणात जपलेला होता. पार सुरुवातीला माझीच अक्षरं होती, मी काढलेली. मग गाठी बारीक होत गेल्या. 'ळ' बदलला. रेघ पुढे सरकली. वर्षभरात ती माझी अक्षरं कणाकणानं आत्याच्या हातात गेली होती. मग मी ऑफिसचा जुना टॅबलेट काढला, त्यावर कधी कुणी मेसेंजर उघडलेला नव्हता. तिथे तेच मेसेज साध्या, कोऱ्या फॉन्टमध्ये दिसत होते.

धैर्यशील दुधाची पिशवी घेऊन आला. माझ्या हातात फ्रेम बघून दारातच थांबला.

"मेसेंजरमध्ये ओघ आहे," मी म्हटलं.

त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"धैर्यशील, मेसेंजरमध्ये ओघ आहे का?"

"एक आठवडा ठेवणार होतो," तो म्हणाला. "चाचणीला. रोज वाचणारं कुणीतरी लागतंय की. तू रोज वाचायचीस."

"मला सांगून ठेवायला काय झालं होतं?"

"सांगितलं की माणूस अक्षराकडं बघत बसतोय. मग चाचणीला अर्थच राहत नाही."

"बरं. आठवडा झाला. मग?"

त्यानं पिशवी टेबलावर ठेवली, ती कलंडली, त्यानं परत उभी केली. "मग एक दिवस तू लिहिलीस, आज तुझ्याशी बोलून बरं वाटलं. तोपर्यंत तू मला असं कधी लिहिली नव्हतीस, केतकी. कधीच नाही. मग मला बंद करायचा धीर झाला नाही."

"वा! आणि आईबापांनी नाव काय ठेवलंय!"

मी ओरडत होते. खालच्या झेरॉक्सवाल्यानं मान वर करून बघितलं म्हणे. बघू दे. मी विचारलं, हा फॉन्ट आत्यापर्यंत पोचला कसा, तू तिचा कागद यात घातलास का? त्यानं आईची शपथ घेतली, नाही म्हणाला. आणि मग त्यानं जे सांगितलं, ते सांगताना तो एकदाही अडखळला नाही.

ओघला आत्या माहीत नाही. त्याला फक्त माझी नजर माहीत आहे. पण माणसाच्या मेंदूत वाचण्याचा पहिला रस्ता पडतो तो ज्यानं अक्षर गिरवायला शिकवलं त्याच्या वळणावरून. पुढे हजार फॉन्ट वाचले तरी तो पहिला रस्ता सगळ्यात गुळगुळीत राहतो. ओघ सोपं शोधत शोधत तिथेच जाऊन पोचतो, पाणी उताराला जातं तसं. आणि मेंदूची एक खोड आहे. जे सोपं वाचलं जातं ते त्याला खरं वाटतं. का सोपं गेलं, हे तो विचारत बसत नाही. विश्वास टाकून मोकळा होतो. धैर्यशीलनं नंतर आणखी काही जणांवर चाचणी केली होती. कुणाचं अक्षर आईकडे गेलं, कुणाचं शाळेतल्या बाईंकडे. आणि सगळ्यांनी वाचलेलं जास्त पटल्याचं सांगितलं.

"म्हणजे हे तुला माहीत होतं," मी म्हटलं. "सोपं नाही, पटणारं आहे हे."

"नंतर कळलं."

"आणि माझं अक्षर कुणाकडे गेलं, ते?"

त्यानं भिंतीकडे बघितलं. फ्रेम जिथे असायची तिथला चौकोन पांढरा दिसत होता. रोज प्रिंटरवरून कागद उचलताना तो त्या फ्रेमसमोर उभा राहायचा. एवढा अक्षरातला माणूस, त्याला दिसलं नसेल?

"दिवाळीत," तो म्हणाला. "दिवाळीत ओळखलो."

दिवाळीत. आणि मला विचारलं संक्रांतीला.

मी खुर्चीत बसले. हा माणूस मला फसवत होता याचा राग होताच, पण त्याहून वाईट वाटत होतं ते वेगळंच. आत्या असती आणि तिनं म्हटलं असतं, केतक्या, हा मुलगा चांगला आहे, कर लग्न, तर मी हो म्हटलं असतं. हे त्याला माहीत होतं. मीच सांगितलं होतं कधीतरी. आणि त्यानं माझ्या मेलेल्या आत्याला मध्यस्थ म्हणून उभं केलं. तिला न विचारता, मला न सांगता.

"शब्द माझेच होते की ग," तो हळूच म्हणाला. "एक शब्द खोटा नव्हता."

"शब्द तुझे होते. गळा कुणाचा लावलास?"

त्याचं उत्तर ऐकायला मी थांबले नाही. जुना टॅबलेट पिशवीत टाकला आणि निघाले.

दोन दिवस मी घरीच होते. टॅबलेटवर, साध्या अक्षरात, आमचं सगळं बोलणं पहिल्यापासून वाचून काढलं. जेवलीस का. गोळी घेतलीस का. डोकं दुखतंय तर लवकर जा, मी बघतो. चांगलं होतं. वाईट नव्हतं काहीच. पण हे वाचून खांदे सैल पडायला हवे होते का, हे मला कळेना. आपलं मन आपल्याला माहीत असतं, असं आपण धरून चालतो. मी त्याच्यावर प्रेम करत होते की नव्हते? साडी कपाटात होती. माझ्या मैत्रिणींनी केळवणं केली होती. आणि मला माझ्याच 'हो'चा मालक कोण ते सांगता येत नव्हतं. दुसऱ्या कुणी फसवलं तर निदान आपण आपल्या बाजूला असतो. इथे मीच मला परकी झाले होते, आणि हे त्यानं केलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी ताराबाई पार्कात लोखंडेबाईंच्या ऑफिसात गेले. फॉन्ट देताना आम्हा दोघांची मंजुरी लागते, ती मी देणार नव्हते, आणि का ते त्यांना कळायला हवं होतं. मी सगळं सांगितलं. लग्नाचं सुद्धा सांगितलं, लाज सोडली.

त्यांनी मन लावून ऐकलं. पाणी मागवलं. बाई वाईट नाहीत.

"म्हणजे आमचे आजोबा-आज्या," त्या सावकाश म्हणाल्या, "'गोळी घ्या' असं वाचतील, तेव्हा त्यांना आईच सांगतेय असं वाटेल?"

"हो. आणि 'करार मान्य आहे' याखाली बोट ठेवा म्हटलंत, तरी आईच सांगतेय असं वाटेल. ते वाचणार नाहीत, मॅडम. ते ऐकतील."

"आम्ही काही वाईट लिहिणार नाही हो."

"धैर्यशीलनंही वाईट काही लिहिलं नव्हतं."

त्यांनी समोरचा पेला बाजूला सरकवला. मला वाटलं, पोचलं. मग त्या जरा पुढे वाकल्या. "एक विचारू? तुम्ही तर याच धंद्यातल्या. अक्षरं तुम्हीच काढलेली. तरी तुम्हाला इतके दिवस कळलं नाही?"

"नाही."

"जराही नाही?"

"नाही म्हटलं ना."

त्यांच्या डोळ्यांत आलेली चमक त्यांनी लपवायचा प्रयत्न केला, पण ती मला दिसली. माझं दुःख त्यांच्या दृष्टीनं प्रमाणपत्र होतं! मी त्यांना सावध करायला गेले होते आणि मालाची हमी देऊन बसले. उठताना त्या मायेनं म्हणाल्या, "तुम्ही शांत व्हा आधी. इंगवलेंशी कालच बोलणं झालं माझं. ते म्हणाले, मंजुरीचं मी केतकीला समजावतो."

समजावतो. जिन्यावरून उतरताना हा शब्द माझ्या डोक्यात घण घालत होता. म्हणजे मी घरी बसून आमचं खरंखोटं निवडत असताना हा गिऱ्हाइकाला शब्द देऊन मोकळा झाला होता.

मी तडक स्टुडिओत गेले. तो माझ्या टेबलापाशी उभा होता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मला बघून त्याचा चेहरा असा काही झाला की माझा अर्धा राग तिथेच विरघळला. हेच तर! अजूनही विरघळत होता. आणि माझा मला भरवसा नव्हता, की हे विरघळणं खरं आहे की शिकवलेलं.

"समजाव," मी म्हटलं. "लोखंडेबाईंना शब्द दिलायस ना? समजाव मला."

"त... ते तसं नाही. मी त्यांना फक्त... केतकी, मला बोलता येत नाही, तुला माहितीय. लिहून सांगतो."

त्याचा हात फोनकडे गेला. मी तो हात धरला.

"स्क्रीनवर नाही. कागदावर लिही. तुझ्या हातानं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं एकत्र काम करून मी धैर्यशीलचं हस्ताक्षर कधी बघितलेलं नव्हतं. हा माणूस सगळं टाइप करतो. सही सुद्धा अंगठा टेकवून. आणि मला एकदम आशा वाटली. त्याचं स्वतःचं अक्षर असेल, वेडंवाकडं, अनोळखी, कोंबडीचे पाय. त्यात कुणीही मध्ये नसेल. तो मला जे सांगेल ते मी पहिल्यांदाच त्याच्याकडून ऐकेन, आणि मग मला कळेल. सगळं स्वच्छ सांगते: मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. मला लग्न करायचं होतं. मला फक्त ते माझं मी ठरवायचं होतं.

मी त्याला कोरा कागद आणि पेन्सिल दिली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मागे पेन्सिल चालत होती. मध्येच थांबायची, परत चालायची. दोनदा त्यानं नाक ओढलं. खाली रिक्षावाल्यांचं काहीतरी वाजलं होतं, ते मी उगाच ऐकत होते.

"झालं," तो म्हणाला.

मी कागद घेतला. त्यावर लिहिलं होतं, 'केतकी, मी तुझ्यापासून लपवलो. यापुढं कधी लपवणार नाही. एक वेळ विश्वास ठेव.'

'श'ची गाठ बारीक होती, डावीकडे कललेली. 'ळ'चं दुसरं पोट पहिल्यापेक्षा लहान. ओळ संपल्यावरही रेघ किंचित पुढे गेली होती आणि वर उचलली होती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काय?"

"हे अक्षर. धैर्यशील, हे अक्षर कुणाचं आहे?"

त्यानं कागद बघितला. बघतच राहिला. "माझंच आहे," तो म्हणाला. "मी... हात तसाच वळला, ग. आईशपथ. मी मुद्दाम नाही. रोज तुझ्या स्क्रीनवरचं बघत होतो ना, किती दिवस. मला दुसरं कुठलं येतच नसेल आता."

खरं असेल. त्याचा चेहरा तरी भेदरलेला होता. किंवा खोटं असेल, आणि तो गेले दोन दिवस घरी बसून हेच गिरवत असेल. मला सांगता येत नव्हतं आणि आता कधीच सांगता येणार नव्हतं, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. या माणसानं माझ्यापर्यंत यायची एकही वाट स्वतःच्या पायांची ठेवली नव्हती. माझं सर्वांत जुनं, सर्वांत सुरक्षित माणूस त्यानं वापरून वापरून स्वतःच्या हातात उतरवलं होतं.

कागद फाडून टाकावा असं वाटलं. जमलं नाही. आत्याचं अक्षर होतं ते.

आणि सर्वांत वाईट पुढेच आहे. एवढं सगळं कळत असताना माझी नजर परत त्या ओळीवर गेली. विश्वास ठेव. आणि माझे खांदे सैल पडले.

"केतकी?" तो म्हणाला. "काय सांगतीस?"

मी त्याला नाही म्हटलं. मग परत एकदा, मोठ्यानं म्हटलं, कारण पहिल्यांदा म्हटलेलं मलाच पटलं नव्हतं.